आईच्या नावाचा रकाना

छत्तीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात काढली, त्यातली शेवटची वीस प्रवेशाच्या खिडकीमागे. एवढ्या काळात माझं खरं नाव किती मुलांना कळलं असेल, देव जाणे. आमच्याकडे कार्यालयातला कारकून म्हणजे भाऊसाहेब. मी नोकरीला लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. तरी पहिल्याच दिवशी एका पांढऱ्या मिशांच्या शेतकऱ्यानं हात जोडून मला "भाऊसाहेब" म्हटलं आणि मी ती पदवी मुकाट्यानं स्वीकारली. निवृत्त होईपर्यंत तीच चालली.

लोकांना वाटतं, कॉलेज म्हणजे प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि गॅदरिंग. असेलही. पण मुलगी वर्गातल्या बाकापर्यंत पोचण्याआधी तिचे कागद माझ्या खिडकीतून आत यावे लागतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक आणि बाहेरून येणारी असेल तर मायग्रेशन, म्हणजे आधीच्या बोर्डानं दिलेली एक प्रकारची सोडचिठ्ठीच. या सगळ्या कागदांवरचं नाव एकमेकांशी जुळतं का, हे बघणं माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण एका कागदावर 'सुनीता' आणि दुसऱ्यावर 'सुनिता' असलं तरी मी कागद परत करायचो. मुलांनी मला 'वेलांटी भाऊसाहेब' असं नाव ठेवलं होतं. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. माझ्या हातून गेलेला एकही कागद विद्यापीठातून परत आलेला नाही, असं मी नव्या कारकुनांना छाती काढून सांगायचो.

त्या छातीत एक सल आहे, तो आधी सांगून टाकतो.

एका मोठ्या पुराच्या वर्षी शिरोळकडच्या एका गावातून अश्विनी नावाची मुलगी आईबरोबर आली होती. दाखला पाण्यात भिजलेला. आईनं तो वाळवून, वर फडकं टाकून इस्त्री केली होती. कागद सरळ झाला होता, पण शाई पसरून वडिलांच्या नावाचा डाग उरला होता. मी विचारलं, "वडिलांचं नाव काय?" आई पदर तोंडाला लावून मुलीला म्हणाली, "सांग की गं." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत मला नवी नव्हती. खिडकीवर अशा आया रोज यायच्या. मुलीनं नाव सांगितलं. मी म्हणालो, "तोंडी चालत नाही. शाळेतून दुसरा दाखला आणा."

"आवं भाऊसाहेब," आई म्हणाली, "शाळाच पाण्यात हाय की अजून."

"मग पाणी उतरल्यावर आणा," मी म्हणालो. नियमाप्रमाणे माझं बरोबर होतं. पाणी उतरलं, पण त्याआधी प्रवेशाची मुदत संपली. त्या दोघी परत आल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्याच गावच्या एका मुलाला मी सहज विचारलं तेव्हा कळलं, अश्विनीचं लग्न झालं. एक हमीपत्र लिहून घेऊन तिला तात्पुरता प्रवेश देता आला असता. तशी तरतूद होती, मला ती तोंडपाठ होती, आणि मी ती वापरली नाही. का, तर वेलांटी भाऊसाहेबांचा कागद परत येता कामा नये.

त्यानंतर काही वर्षांनी मुरसल आली.

मुरसल काबूलची. सरकारी शिष्यवृत्तीवर बी.एस्सी. करायला आलेली. अशा मुली आमच्या कॉलेजला नव्या होत्या. आमचे शिपाई दत्तूमामा यांनी पहिल्याच दिवशी तिच्या नावाची 'मिसळ' करून टाकली. "भाऊसाहेब, ती मिसळ आलीया बगा खिडकीवर," असं ते मोठ्यानं म्हणत. तिला अर्थ कळल्यावर ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, मिसळ सगळ्यांना आवडते, मग चालेल.

हिंदी तिला मालिका बघून येत होती. तिनं अर्ज भरून दिला, तर दोन रकाने रिकामे. पहिला आडनावाचा. तिच्याकडे आडनाव लावायची पद्धतच नव्हती, आणि संगणक रिकामी जागा घेईना. तिथं वडिलांचं नाव टाकून मी वेळ मारून नेली, ते पासपोर्टशी जुळतही होतं. दुसरा रकाना आईच्या नावाचा.

या रकान्याबद्दल मला आधीपासून अभिमान. आमच्या काळी गुणपत्रकावर फक्त बापाचं नाव असायचं. आईचंही नाव लावायचा नियम आला तेव्हा कार्यालयात सगळे वैतागले, कारण एक रकाना वाढला. मी मात्र खूश होतो. माझी आई दोन यत्ता शिकलेली, तिचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. त्यामुळे मुरसलला मी जरा जोरातच सांगितलं, "बेटा, माँ का नाम लिखना पडता. खाली चलता नहीं." ही आमची कोल्हापुरी हिंदी.

ती खाली बघत उभी राहिली. मग तिनं इंग्रजी अक्षरांत दोन शब्द लिहिले. मादर फरीद. मी मनात म्हटलं, चला, हिच्या आईला तरी आडनाव आहे. नाव मादर, आडनाव फरीद. संगणकात 'मादर' टाकलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

मुरसल वसतिगृहात राहायची. खोलीत तिच्या जोडीला गगनबावड्याची एक मुलगी होती. तिच्याकडून ती मराठी शिकली, आणि कोल्हापुरात मुली बोलतात तशीच शिकली. आमच्याकडच्या मुली 'मी आले' म्हणत नाहीत, 'मी आलो' म्हणतात. दुसऱ्या वर्षी ती खिडकीवर येऊन म्हणायची, "भाऊसाहेब, मी काल आलतो, तुम्ही नव्हता." पुण्याहून आलेले एक प्राध्यापक तिला दुरुस्त करायला गेले, तर ती म्हणाली, "सर, इथं असंच असतंय." माझं नाव भाऊसाहेब आहे असंच ती समजत होती. तिच्या सगळ्या अर्जांवर 'माननीय श्री. भाऊसाहेब' असं लिहिलेलं असायचं.

मग साथीचं वर्ष आलं. वसतिगृह रिकामं करायला लावलं आणि ती घरी गेली. परीक्षा घरबसल्या झाल्या, तिनं त्या काबूलमधून दिल्या. वीज गेली की उत्तरपत्रिका अर्धवट राहायची, तरी पास होत गेली. शेवटचं एक सत्र उरलं होतं. आणि त्या ऑगस्टमध्ये तिथलं राज्य बदललं. तिचा जुना व्हिसा रद्द झाला. तिच्या धाकट्या बहिणीची सहावी झाली आणि शाळा थांबली, कारण सहावीपुढं मुलींना शाळाच बंद केली. मोठ्या मुलींची विद्यापीठं आज बंद होतील की उद्या, एवढाच प्रश्न होता, आणि पुढं ती झालीच. इकडे आपल्या परीक्षा पुन्हा वर्गात बसून सुरू झाल्या. म्हणजे तिनं स्वतः येऊन शेवटचे पेपर दिले तर ती पदवीधर, नाहीतर अडीच वर्षं पाण्यात आणि पुढं सगळी दारं बंद.

ती मला फोनवर निरोप पाठवायची. बोनाफाईड द्या, म्हणजे ही आमची विद्यार्थिनी आहे असा दाखला. मी तो त्याच दिवशी पाठवला. शिरोळच्या मुलीनंतर मी एवढं तरी शिकलो होतो. तिनं नव्यानं व्हिसाचा अर्ज केला. मी निवृत्तीचे महिने मोजत होतो, आठ उरले होते.

एके दिवशी व्हिसाच्या कार्यालयातून कॉलेजला पत्र आलं. मजकूर चार ओळींचा. अर्जातलं आईचं नाव आणि कॉलेजच्या नोंदीतलं आईचं नाव यांत विसंगती आहे, खुलासा करावा.

माझ्या नोंदीत विसंगती! मी तणतणत ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल मुजावर मॅडमना उर्दू येते आणि फारसीही थोडी. त्यांच्यापुढे मी तिचा जुना अर्ज ठेवला आणि म्हटलं, "बघा, तिच्याच अक्षरात आहे. मादर फरीद. मी माझ्या मनानं लिहिलेलं नाही."

मॅडमनी अर्ज वाचला. आधी त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"भाऊसाहेब, मादर म्हणजे आई. फरीदची आई. फरीद तिचा थोरला भाऊ असणार."

म्हणजे पाच सत्रांच्या गुणपत्रकांवर मी काय छापून घेतलं होतं? आईचे नाव, आई.

मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं. तिकडच्या पुष्कळ घरांत बाईचं नाव परक्यासमोर घेत नाहीत. लग्नाच्या पत्रिकेत नवरीचं नाव नसतं, अमक्याची मुलगी असते. पुढं अमक्याची आई होते, आणि मेल्यावर कबरीच्या दगडावरही तेच. सतरा-अठरा वर्षांची मुलगी परक्या गावात, परक्या पुरुषासमोर आईचं नाव लिहायला कचरली होती, आणि मी वर आवाज चढवला होता. व्हिसाच्या अर्जात मात्र तिनं खरं नाव भरलं. तिथं लाजून भागणार नव्हतं.

मुरसलला फोन लावला. ती म्हणाली, "चूक माझीच हाय, भाऊसाहेब. मी तवा लिहायला भ्यालो."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. नोंदीतली चूक विद्यार्थ्याची असेल तर दुरुस्तीला पुरावा लागतो, ते नाव छापलेला एखादा सरकारी कागद. जिचं नाव पत्रिकेवरही छापत नाहीत तिचा कागद कुठून आणणार? पण चूक कारकुनाची असेल तर वाट निराळी. त्यानं स्वतः लेखी कबुली द्यायची आणि पालकाचा जबाब घ्यायचा. प्राचार्यांच्या सहीनं दुरुस्ती विद्यापीठात जाते, आणि कबुली कारकुनाच्या सेवापुस्तकात जाऊन बसते. म्हणून सगळे कारकून एकमेकांच्या, पोरांच्या, नाहीतर संगणकाच्या नावावर बिल फाडतात. 'नजरचुकीने' हा शब्द मी दुसऱ्यांसाठी शेकडो वेळा लिहिला होता. स्वतःसाठी एकदाही नाही.

मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: 'सदर विद्यार्थिनीने लिहिलेल्या शब्दांचा अर्थ न विचारता मी तेच आईचे नाव समजून नोंद केली. चूक माझी आहे.' प्राचार्यांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"भाऊसाहेब, आठ महिने राहिलेत तुमचे. कशाला डाग लावून घेताय?"

"सर, डाग लागलेलाच आहे," मी म्हणालो. "आज फक्त कागदावर येतोय." त्यांना वाटलं मी मुरसलबद्दल बोलतोय. अश्विनीचं त्यांना काही माहीत नव्हतं.

पालकाचा जबाब व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरलं. दुपारी अडीचला प्राचार्यांच्या खोलीत फोन पेनस्टँडला टेकवून उभा केला. समोर प्राचार्य, बाजूला मुजावर मॅडम, आणि जबाब लिहायला मी. पडद्यावर आधी मुरसल दिसली. डोक्यावर ओढणी, चेहरा उतरलेला. "नमस्कार सर, मुजावर मॅडम, भाऊसाहेब," म्हणाली. मग तिचे वडील शेजारी येऊन बसले. ते शिंपी आहेत, लहानपण पेशावरला निर्वासितांच्या छावणीत गेलेलं, त्यामुळे उर्दू चांगली. त्यांच्या गळ्यात मोजायची टेप तशीच राहिली होती.

मॅडमनी उर्दूत अदबीनं सगळं सांगितलं आणि विचारलं, मुरसलच्या आईचं नाव काय?

ते म्हणाले, "मुरसल की वालिदा."

मॅडमनी पुन्हा विचारलं. ते टेपेशी चाळा करत म्हणाले, "फरीद की वालिदा."

प्राचार्यांनी सुचवलं, त्या बाईंनाच बोलू दे. मुरसल मराठीत म्हणाली, "आई पुरुषांसमोर येणार न्हाय, सर." फोनमध्ये बाहेरून फेरीवाल्याची हाक ऐकू येत होती. पडद्यावरचा तो माणूस अडाणी नव्हता, दुष्ट तर मुळीच नव्हता. दोन देश पलीकडं मुलीला एकटी शिकायला पाठवणारा बाप होता तो. फक्त ते एक नाव त्याच्या ओठांवर येत नव्हतं. मला एकदम इस्त्री केलेला दाखला आठवला आणि 'सांग की गं' म्हणणारी ती माउली आठवली.

मी म्हणालो, "मॅडम, त्यांना सांगा. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. माझ्या आईनं जन्मात घेतलं नाही. पण लग्न होऊन नवरा-नवरी घरी आली की करवल्या दार अडवतात. नाव घ्या, मगच आत सोडू. तिथं मात्र दोघांनाही घ्यावंच लागतं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. त्यात कुणाची अब्रू जात नाही. म्हणावं, आज मुरसलचं दार अडलंय. तुम्ही नाव घेतल्याशिवाय ते उघडत नाही."

मॅडमनी ते सगळं सांगितलं, करवल्यांसकट. ऐकताना वडिलांची नजर खाली होती. मग ते उठले आणि पडद्यावरून दिसेनासे झाले. प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं. माझी अक्कल मी गप्प ठेवायला हवी होती.

दाराची कडी लावल्याचा आवाज आला, मग खिडकी बंद केल्याचा. ते परत येऊन बसले, टेप गळ्यातून काढून मांडीवर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "माहगुल."

मी लिहिलं. पण कारकून तो कारकूनच. मी म्हणालो, "स्पेलिंग?"

मुजावर मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पेन खाली ठेवला असता. मुरसलनं एकेक अक्षर सांगितलं. मी लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, "महागुल."

"न्हवं, न्हवं," मुरसल म्हणाली. वडिलांनाच राहवलं नाही. या खेपेला जरा मोठ्यानं म्हणाले, "माह. माहगुल." मी पुन्हा वाचलं, तरी त्यांना पटेना. तिसऱ्यांदा त्यांनी अगदी ठणकावून सांगितलं, "माहगुल!" आणि त्याच वेळी त्यांच्या मागच्या खोलीतून एका बाईचं हसू ऐकू आलं. दाबून ठेवलेलं, न राहवून फुटलेलं. ते कानापर्यंत लाल झाले आणि दोन्ही हातांनी चेहरा चोळत स्वतःही हसायला लागले. मुरसल रडत होती. मी खाली मान घालून जबाब पुरा केला, कारण माझंही काही खरं नव्हतं.

दुरुस्ती गेली. दुसरं पत्र आलं नाही, आणि आमच्या धंद्यात पत्र न येणं म्हणजे काम झालं. व्हिसा मिळाल्यावर वडिलांनी मुरसलला सीमेपर्यंत नेऊन सोडलं. मधे एका देशात तिला तीन आठवडे अडकून राहावं लागलं. ती कोल्हापुरात पोचली तेव्हा पहिल्या पेपरला चार दिवस होते. दत्तूमामा फाटकापासून ओरडत आले, "भाऊसाहेब, मिसळ आली वो!"

परीक्षा झाली. निकालाआधीच मी निवृत्त झालो. सेवापुस्तकात ती कबुली आहे. निरोप समारंभात 'निष्कलंक सेवा' असं कुणीतरी म्हणालं तेव्हा प्राचार्य खोकले.

मुरसलनं एक गोष्ट विचारली होती, ती माझ्याकडून सुटली नाही. तिची धाकटी बहीण घरी बसून होती, तिच्या जुन्या वह्या पुन्हा पुन्हा वाचायची. "भाऊसाहेब, तिच्यासाठी कुठला फॉर्म असतोय?" छत्तीस वर्षांत माझ्याकडे नव्हता असा तो एकच फॉर्म. मी तिला तसं सांगितलं. खोटी आशा दाखवायला मी शिकलेलो नाही. मुरसल आता इथंच एम.एस्सी. करते आणि आठवड्यातून तीन दिवस फोनवरून बहिणीला आणि शेजारच्या चार मुलींना गणित शिकवते. हजेरी घेते. हजेरीच्या वहीत रकाने आखून मी दिले, आणि त्यात आईच्या नावाचाही एक आहे.

पदवी प्रमाणपत्र आलं त्या दिवशी तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. माझी जुनी खिडकी, आत नवा कारकून. त्यानं प्रमाणपत्र बाहेर सरकवलं. ती तिथंच उभी राहून फोटो काढायला लागली. आधी पूर्ण कागदाचा, मग फक्त आईच्या नावाच्या ओळीचा. दोन्ही घरी पाठवले. तिच्या आईला वाचता येत नाही, त्यामुळे वाचून दाखवायचं काम वडिलांचं.

थोड्या वेळानं फोन वाजला. ती ऐकत राहिली. पलीकडून वडिलांचा आवाज येत होता, तेच ते पुन्हा पुन्हा म्हटल्यासारखा.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

तिनं ओढणीनं डोळे पुसले. "बाबा थांबायचं म्हणत्यात, भाऊसाहेब. पण आई म्हणतीया, परत वाचा."